वर्तुळाचा धडा: कोन दिसतो, कंस चुकतो

दहावीच्या गणित भाग २ मधला ‘वर्तुळ’ हा धडा. जीवा, स्पर्शिका, केंद्रीय कोन हे सगळं तुम्हाला येतं असं धरून चालतो. अंतर्लिखित कोनाचं माप त्याने अंतर्खंडित केलेल्या कंसाच्या मापाच्या निम्मं, हेही पाठ असेल. घोडं अडतं ते पुढे. तो कंस नेमका कुठला?

माझा जीव इथेच मेटाकुटीला यायचा, म्हणून सावकाश सांगतो. अब ही जीवा काढा, तिचा लघुकंस १००° धरा. क बिंदू विशालकंसावर घेतला तर कोन अकब ५०°. इथवर कुणी चुकत नाही. आता क उचलून लघुकंसावर ठेवा. हात आपोआप परत ५०° लिहितो, कारण १०० हा आकडा समोर दिसत असतो. पण क आता त्याच कंसावर बसलाय! कोनाच्या आत सापडतो तो पलीकडचा कंस, ३६० वजा १०० म्हणजे २६०°. कोन झाला १३०°. शिरोबिंदू ज्या कंसावर आहे तो सोडा, समोरचा धरा. पटत नसेल तर ५० आणि १३० ची बेरीज करा: चक्रीय चौकोनाचे संमुख कोन, १८०°.

‘एकाच जीवेवरचे कोन सारखे’ हा शॉर्टकट क्लासमध्ये सर्रास ऐकायला मिळतो. अर्धवट आहे, म्हणूनच घातक. प्रमेय ‘एकाच कंसात अंतर्लिखित’ म्हणतं, म्हणजे दोन्ही शिरोबिंदू जीवेच्या एकाच बाजूला हवेत. जे सर हा शब्द गाळतात, त्यांच्या ट्रिक्स वहीत उतरवूच नका. आणि कंसाला तीन अक्षरी नाव द्यायचा कंटाळा करू नका. नुसतं ‘कंस अब’ लिहिलं की लघु की विशाल, हे अर्ध्या गणितानंतर तुमचं तुम्हालाच कळत नाही.

जीवा वर्तुळात छेदल्या तर कंसांच्या बेरजेच्या निम्मे, वाढवून बाहेर छेदल्या तर वजाबाकीच्या निम्मे. कंस ८०° आणि ४०° असतील तर आत ६०°, बाहेर २०°. बेरीज की वजाबाकी हे ऐन पेपरात आठवलं नाही तरी घाबरू नका. दोन टोकं जोडून त्रिकोण करा, त्यात ४०° आणि २०° चे अंतर्लिखित कोन सापडतात. आतल्या आकृतीत हे दोन्ही दूरस्थ आंतरकोन, म्हणून बाह्यकोन ६०°. बाहेरच्या आकृतीत ४०° हाच बाह्यकोन, त्यातून २०° गेले. नववीचंच प्रमेय आहे. स्पर्शिका-छेदिका कोनालाही निम्म्याचाच नियम, वेगळं काही नाही.

आकृती प्रमाणात असेलच असं नाही, तेव्हा डोळ्यांनी कोन मापू नका. संकीर्ण प्रश्नसंग्रह ३ सोडवताना आधी प्रत्येक आकृतीत अंतर्खंडित कंस पेन्सिलीने गडद करा, मगच आकडेमोडीला लागा. कृती पूर्ण करण्याच्या प्रश्नात चौकट भरण्याआधी तिच्यापुढचं कारण वाचा, कुठलं प्रमेय हवंय ते बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं.