आर्लच्या व्हीनसचं पदक: आधी ओळखा, मग जपा

संग्रहालयाच्या दुकानातून आणलेलं, आर्लच्या व्हीनसची (रोमन प्रेमदेवतेची) मूर्ती कोरलेलं पदक घासून चकचकीत करायचा मोह आवरा. त्यावर नेमकं कोण आहे, ते आधी बघा.

दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि पदकावरच्या मूर्तीचे हात पाहा. रोमन काळातली ही संगमरवरी व्हीनस १६५१ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या आर्लला, रोमन नाट्यगृहाच्या अवशेषांत सापडली, तेव्हा तिला हात नव्हते. १६८३ मध्ये ती फ्रान्सचा राजा चौदावा लुई याला भेट दिली गेली आणि शिल्पकार जिरार्दोंनं नवे हात बसवले: उजव्यात सफरचंद, डाव्यात आरसा. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात ती आज तशीच उभी आहे. बिनहाताची मूर्ती असेल, तर ती बहुधा मिलोची व्हीनस, म्हणजे ग्रीक आफ्रोदिती. दोघींच्याही कमरेखाली वस्त्र असल्यामुळे गल्लत सहज होते.

आता कड बघा. ठशानं दाबून केलेल्या पदकाची अक्षरं धारदार उठतात. ओतीव नकलेत ती बोथट होतात, पृष्ठभागावर बारीक छिद्रं दिसतात आणि कडेला जोडाची रेघ राहते. लोहचुंबक लावा: तांब्याचा मिश्रधातू चिकटत नाही, मुलामा दिलेलं लोखंड चिकटतं.

चिकट मळ असेल तरच धुवा. वाटीभर कोमट डिस्टिल्ड पाण्यात सौम्य द्रवसाबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, जेमतेम मिनिटभर. दुसऱ्या वाटीत खंगाळून सुती कापडानं नुसतं टिपा. अक्षरांच्या खाचांत पाणी राहतं, म्हणून अर्धा तास पंख्याखाली ठेवा.

चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर देवघरातल्या समईसाठी ठीक, पदकाला अजिबात नको. आम्लानं वरचा थर जातो, धातूत जस्त असेल तर तेही निघतं आणि तांबूस-गुलाबी डाग उरतात. पावडरीनं आधी झिजतात ते उंचवटे: नाक, गुडघा, वस्त्राच्या चुण्या. ते परत येत नाहीत.

ठेवताना पदक कडेनंच धरा. बोटांच्या घामाचे ठसे काही दिवसांत काळे पडतात. पीव्हीसी या प्लास्टिकचं मऊ पाकीट टाळा, त्यातून सुटणाऱ्या द्रव्यानं हिरवट चिकट थर चढतो. ॲक्रिलिकची मापाची डबी उत्तम. रबरबँड नको, त्यातल्या गंधकानं धातू काळवंडतो. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ओली झाली की बदला. पदकावर फिकट हिरवी, भुसभुशीत पूड दिसली, तर ते लगेच इतरांपासून वेगळं, कोरड्या जागी ठेवा.