लग्नात उरलेलं जेवण आणि घरातलं जादा सामान बेघरांपर्यंत कसं पोचवायचं

बहुतेक जण हे काम उलट्या टोकाने सुरू करतात. कार्यालयात जेवण उरतं, वाया जाणार म्हणून जीव तुटतो, घाईघाईने डबे भरून गाडीत ठेवले जातात आणि कुणाला द्यायचं हा शोध त्यानंतर सुरू होतो. तासाभराने पुलाखाली पोचावं, तर तिथे आधीच कुणीतरी खिचडी वाटून गेलेलं असतं. पुढच्या चौकापर्यंत जाईस्तोवर भात कोमट झालेला असतो. अन्न वाचवायचं असेल तर आधी खाणारी माणसं ठरलेली हवीत, त्यांच्या जेवणाची वेळ माहीत हवी. हे जमलं की उरलेलं जेवण मिळवणं त्या मानाने सोपं आहे.

आधी माणसं

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७० हजार माणसं बेघर म्हणून नोंदली गेली. त्यांतली दोन लाखांहून अधिक महाराष्ट्रात होती. आपल्या शहरात ती कुठे असतात हे शोधायला फार फिरावं लागत नाही: रेल्वे स्टेशनचा परिसर, एसटी स्थानक, उड्डाणपुलाखालची जागा, मोठ्या सरकारी रुग्णालयाबाहेरचा फुटपाथ, देवळांच्या रांगा. पण सुरुवात रस्त्यावरून करू नका, निवाऱ्यापासून करा. पाच लाखांवर वस्तीच्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे बेघरांसाठी एक निवारा हवा आणि तो वर्षभर चोवीस तास उघडा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलं. त्यामुळे बऱ्याच महापालिकांचे असे निवारे आहेत आणि ते बहुतेक वेळा सामाजिक संस्था चालवतात. महापालिकेच्या समाजविकास विभागात चौकशी केली की पत्ते मिळतात.

निवाऱ्यात गेल्यावर तिथल्या व्यवस्थापकांशी सावकाश बोला. किती जण राहतात, जेवण किती वाजता होतं, रोजचा स्वयंपाक तिथे होतो की बाहेरून येतो, फ्रिज आणि शेगडी आहे का, मधुमेहाचे किती, दात नसलेले म्हातारे किती, लहान मुलं किती, हे सगळं विचारून लिहून घ्या. ज्यांच्याकडे शेगडी आहे त्यांच्याकडे वरण-भाजी पुन्हा उकळता येते. ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी पोळ्या, पुऱ्या, लाडू, केळी अशीच निवड करायची.

कोणत्या दिवशी गरज आहे हेही विचारा. शनिवारी मारुतीच्या आणि गुरुवारी साईबाबांच्या देवळाबाहेर बसणाऱ्यांना इतकं मिळतं की ते ठेवायला जागा नसते. अमावास्येला आणि पितृपक्षात तेच. सोमवार-मंगळवार कोरडे जातात आणि मुसळधार पावसात तर कुणी फिरकतच नाही. माझं मत विचाराल तर महिन्यातून एकदा दीडशे जणांना मेजवानी देण्यापेक्षा दर मंगळवारी ठरल्या वेळी वीस जणांची पोळीभाजी पोचणं कितीतरी मोलाचं आहे. ज्याला आज जेवण येणार हे माहीत असतं, तो त्या दिवशी काम शोधायला जाऊ शकतो.

रुग्णालयाबाहेरच्या माणसांचा वेगळा विचार करावा लागतो. परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर गावाकडून आलेली कुटुंबं फुटपाथवर मुक्काम करतात, तसंच दृश्य इतर शहरांतही दिसतं. तिथे एका पथारीवर रुग्ण आणि नातेवाईक दोघे असतात. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती फार कमी झालेली असते, त्यामुळे त्याला लग्नातलं उरलेलं जेवण देऊच नका. नातेवाइकाला द्या आणि रुग्णासाठी डॉक्टरांनी काय सांगितलंय ते विचारा. सीलबंद बिस्किटं, न फोडलेली पाण्याची बाटली, साल काढून खायचं फळ एवढं बरोबर ठेवलं तर उपयोगी पडतं.

कार्यालय आणि केटरर

जेवण उरतं ते यजमानाचं असतं, कारण पैसे त्याने मोजलेले असतात. केटरर द्यायला कचरतो त्याचं एक कारण हे आणि दुसरं, कुणाला बाधलं तर नाव आपलं खराब होईल ही भीती. म्हणून लग्नाच्या दिवशी मागच्या दाराशी जाऊन हात पसरू नका. चार-पाच दिवस आधी फोन करा आणि नेमकं बोला: “नमस्कार काका, आम्ही अमुक निवाऱ्यासाठी जेवण नेतो. शेवटची पंगत बसली की मला फोन करा, अर्ध्या तासात येतो. ताटातलं किंवा काउंटरवर उघडं राहिलेलं नेत नाही, स्वयंपाकघरात झाकून ठेवलेलं तेवढंच नेतो. भांडी आमची असतील. यजमानांना तुम्ही आधी विचारून ठेवाल का?” एवढं ऐकलं की समोरचा माणूस मोकळा होतो. आचाऱ्याचाही नंबर घ्या. कुठल्या पातेल्यात किती उरलंय हे मालकाच्या आधी त्याला कळतं.

उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २०१९ साली खास नियम केले. नियमित वाटप करणाऱ्या संस्थेने नोंदणी करावी, अन्न कुणाकडून आलं त्याची नोंद ठेवावी, शाकाहारी-मांसाहारी स्पष्ट लिहावं, अशी त्याची साधारण चौकट आहे. एकट्यादुकट्याने सुरुवात करणार असाल तर आधीपासून काम करणाऱ्यांत सामील व्हा. २०१४ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या रॉबिन हूड आर्मीचे स्वयंसेवक आता अनेक शहरांत आहेत आणि ते पैशांची देणगी घेत नाहीत. मुंबईत माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनी सुरू केलेली रोटी बँक हेच काम करते. त्यांच्याबरोबर महिनाभर फिरलात तरी पुष्कळ शिकायला मिळतं.

लग्नं बारा महिने नसतात. चातुर्मासात मुहूर्त आटतात तेव्हा कंपन्यांची कॅन्टीनं, हॉस्टेलच्या मेस आणि बेकऱ्या उपयोगी पडतात. किराणा दुकानांतून मुदत संपायला महिनाभर असलेली डाळ, पोहे, बिस्किटं मिळाली तर ती सोन्यासारखी, कारण ती ना आंबतात ना सांडतात.

मागच्या दाराशी

सगळी जोखीम इथे आहे, त्यामुळे सगळा वेळही इथेच द्या.

शिजलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे राहिलं की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणजे अन्न एक तर वाफाळतं हवं, नाही तर फ्रिजमध्ये गार हवं. मधल्या कोमट अवस्थेत दोन तासांहून जास्त राहिलेलं घेऊ नका, आणि या दोन तासांत तुमचा प्रवास आणि खाणाऱ्याच्या हातात पडेपर्यंतचा वेळही धरा. अन्नात खुपसायचा थर्मामीटर जवळ ठेवा. पातेल्याच्या वरवर टोचू नका, मधोमध खोलवर घाला. साठच्या वर काटा असेल तर घ्या. नसेल, तर शेवटचा गॅस कधी बंद केला ते आचाऱ्याला विचारा, आणि उत्तर गुळमुळीत आलं तर हात जोडून नाही म्हणा.

भात सगळ्यांत निरुपद्रवी वाटतो, पण तोच सर्वांत जास्त फसवतो. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. ते शिजवूनही मरत नाहीत आणि भात तासन्‌तास कोमट पडून राहिला की त्यातून विष तयार होतं. हे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून सकाळी अकराचा मसालेभात संध्याकाळी पाचला वास चांगला येतोय म्हणून नेऊ नका. हाताळलेल्या दुधाच्या गोड पदार्थांतही अशीच विषबाधा होते. बासुंदी, रसमलाई, श्रीखंड फ्रिजमधून थेट येत नसेल तर तिथेच ठेवा. कोशिंबीर, मठ्ठा, ओल्या नारळाची चटणी, कापलेली फळं, मेयोनेज घातलेलं काहीही आणि मासे यांचा मोहच नको. पोळ्या, पुऱ्या, जिलेबी, बुंदीचे लाडू मात्र निर्धास्त न्या, अर्थात त्याच दिवशी खायला. सुक्या बटाट्याच्या भाजीलाही दोन तासांचा तोच नियम लावा. वरण आणि रस्साभाजी शेगडी असलेल्या ठिकाणीच द्या. तिथे ती खळखळून उकळायची, म्हणजे मधला भागही ७५ अंशांच्या वर जातो, आणि एकदाच.

रात्रीच्या स्वागतसमारंभाचं काय करायचं, हा नेहमीचा प्रश्न. अकरा वाजता जेवणं आटोपतात आणि फुटपाथवरची माणसं दहालाच झोपलेली असतात. दिवसभर हमाली करून आडव्या झालेल्या माणसाला साडेअकराला उठवून त्याच्या हातात थाळी ठेवणं बरं नाही. निवाऱ्यात मोठा फ्रिज असेल तर गरम अन्न उथळ परातींत दोन-तीन इंचांच्या थरात पसरून लगेच गार करा आणि रात्रीच फ्रिजमध्ये ठेवा. अख्खं पातेलं तसंच आत ढकललं तर मधला भाग पहाटेपर्यंत कोमट राहतो. अशी सोय नसेल तर रात्रीच्या जेवणातले फक्त कोरडे पदार्थ घ्या.

भांडी घट्ट झाकणाची, स्टीलची हवीत. पोळ्या स्वच्छ सुती कापडात गुंडाळा. वर्तमानपत्राची शाई अन्नात उतरते, तेव्हा तो कागद नको आणि काळ्या पातळ पिशव्याही नकोत. प्रत्येक भांड्यावर कागदाची चिकटपट्टी लावून लिहा: पदार्थ, कुठून घेतला, किती वाजता घेतला, किती वाजेपर्यंत खायचा. प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना झाकून दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा. कुणाला उलट्या-जुलाब सुरू झालेच, तर आधी १०८ ला फोन, मग उरलेलं सगळं वाटप बंद आणि तो नमुना डॉक्टरांच्या हवाली.

हातात देताना

बसून, नाव विचारून द्या. “मावशी, बटाट्याची भाजी, पुरी आणि जिलेबी आहे, कांदा-लसूण घातलेलं आहे, चालेल ना?” एवढं विचारायला काही सेकंद लागतात आणि समोरच्या माणसाला नाही म्हणायची मोकळीक मिळते. नाही म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका. कुणाचा उपास असतो, कुणाला साखरेचा त्रास असतो, कुणी नुकतंच जेवलेलं असतं. फोटो काढू नका. देणाऱ्या यजमानाला पुरावा हवा असेल तर भरलेल्या भांड्यांचा फोटो पाठवा. रांग लावायची वेळ आलीच तर बायका, लहान मुलं आणि अपंग माणसांची वेगळी व्यवस्था करा, नाही तर धक्काबुक्कीत तेच मागे राहतात. पानं, द्रोण आणि सांडलेलं अन्न गोळा करायला एक मोठी पिशवी घेऊनच जा. घाण मागे राहिली की दुसऱ्या दिवशी आसपासचे दुकानदार या माणसांनाच तिथून हाकलतात.

घरातलं सामान

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून उतरलेलं सगळं बेघरांना देऊन टाकायची पद्धत आहे. रस्त्यावर राहणाऱ्याचं घर म्हणजे एक बोचकं. जे बोचक्यात मावत नाही, जे चोरीला जाऊ शकतं, जे पावसात भिजून कुजतं, ते त्याच्या उपयोगाचं नाही. फुलदाण्या, काचेचे कप, लग्नाच्या भरजरी साड्या, तुटकी खेळणी बाजूला काढा.

उपयोगी सामान ऋतूप्रमाणे बदलतं. मेच्या शेवटी ताडपत्री, जाड प्लास्टिक, चपला, झिपच्या पिशव्या. नोव्हेंबरच्या मध्यापासून ब्लँकेट, कानटोपी, स्वेटर. वर्षभर लागतात ते अंघोळीचा आणि कपड्यांचा साबण, कंगवा, सॅनिटरी पॅड, पाण्याची बाटली, स्टीलचं ताट-वाटी, मच्छर पळवायचं मलम आणि कागदपत्रं कोरडी ठेवायला जाड प्लास्टिकचं पाकीट. शेवटची वस्तू क्षुल्लक वाटते, पण आधार कार्ड आणि दवाखान्याचे कागद भिजून गेले तर पुढचे कित्येक महिने खेटे घालावे लागतात. आतले कपडे नवीनच द्या, जुने कधीच नाही.

कपडे धुऊन, वाळवून, बटणं आणि चेन तपासून, मापाप्रमाणे गठ्ठे बांधून द्या. पुरुषांच्या पँटची मागणी सर्वांत जास्त असते आणि येतात सगळ्यांत कमी, कारण घरोघरी ती फाटेपर्यंत वापरली जाते. अनेक गावांत ‘माणुसकीची भिंत’ असते. तिथे ठेवणार असाल तर पाऊस नाही हे पाहून सकाळी ठेवा आणि संध्याकाळी उरलेलं परत घेऊन या. फारच मोठा साठा जमला, तर १९९९ पासून हे काम करणाऱ्या ‘गूंज’सारख्या संस्थेकडे वर्ग करा. तिथे वस्तूंची नीट छाननी होते.

मोठ्या सामानाची खरी वेळ वेगळीच आहे. निवाऱ्यातल्या कुणाला काम लागतं, भाड्याची खोली मिळते आणि पहिल्या दिवशी त्या खोलीत चार भिंतींशिवाय काहीच नसतं. तुमची जुनी गादी, बादली, कुकर, दोन पातेली, तवा, चाकू, पंखा यांची गरज त्या दिवशी असते. निवाऱ्याच्या व्यवस्थापकांना सांगून ठेवा की अशी वेळ आली की कळवा, आणि तोवर ‘एका खोलीचा संच’ म्हणून हे सामान एका पेटीत बांधून ठेवा. कुकरची शिट्टी आणि रबर तपासा, पंखा स्वतः लावून पाहा, वायरीला चिकटपट्ट्या असतील तर ती बदलून घ्या. गादी उन्हात दोन दिवस वाळवा आणि शिवणीत ढेकूण नाहीत ना ते बघा. गॅसची शेगडी देणार असाल तर रबरी नळी जुनी देऊ नका, नवी विकत घेऊनच द्या.