कामाच्या दौऱ्याला जोडून ओरिएंटिअरिंग: नाशिकहून निघणाऱ्यांसाठी

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून कामासाठी जर्मनी, स्वीडन, इंग्लंडला जाणारे बरेच जण शुक्रवारी काम उरकतात, शनिवारी बाजार फिरतात आणि रविवारी विमान पकडतात. त्याच शनिवार-रविवारी तिथल्या एखाद्या जंगलात ओरिएंटिअरिंगची स्पर्धा असू शकते आणि तिथे नवख्यालाही धावता येतं. हातात नकाशा आणि कंपास घ्यायचा आणि रानात लावलेले पांढरे-नारिंगी झेंडे, म्हणजे कंट्रोल, दिलेल्या क्रमाने शोधायचे.

दौऱ्याचा क्रम काम, मग स्पर्धा, मग सुट्टी असाच ठेवा. आधी स्पर्धा केली आणि पाय मुरगळला तर सोमवारी प्लांटमध्ये लंगडत फिरावं लागेल. शिवाय उन्हाळ्यात मध्य युरोपचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. कामाच्या चार-पाच दिवसांत शरीर त्याला सरावतं आणि डोकं नकाशाला मोकळं होतं. काम आणि स्पर्धा यांच्यात एक दिवस रिकामा सोडा, कारण शेवटची मीटिंग हमखास लांबते. घरचे येणार असतील तर त्यांना याच दिवशी बोलवा.

मोठ्या स्पर्धांच्या तारखा साधारण ठरलेल्या असतात. स्वीडनमधली ओ-रिंगेन जुलैत, पाच टप्प्यांची. ब्रिटनमधला जेके महोत्सव ईस्टरला. स्कॉटलंडची सहा दिवसांची स्पर्धा विषम वर्षांत, उन्हाळ्यात. व्हेनिसच्या गल्ल्यांतली नोव्हेंबरात. कुटुंब बरोबर असेल तर व्हेनिससारखी शहरातली स्पर्धा सोयीची. तुम्ही तासभर धावता तेवढ्यात बाकीचे गाव पाहतात.

व्हिसात एक चूक वारंवार होते. कंपनीच्या निमंत्रणपत्रावर फक्त कामाच्या तारखा असतात आणि व्हिसाही तेवढ्याच दिवसांचा मिळतो. म्हणून शेंगेनच्या, म्हणजे जर्मनी-स्वीडनसह युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसाच्या, अर्जाच्या पत्रात काम आणि सुट्टी हे दोन्ही भाग तारखांसह लिहा. मंजूर रजेचं पत्र, पुढच्या हॉटेलांचं बुकिंग आणि स्पर्धेच्या नोंदणीची पावती जोडा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. विमा किमान 30,000 युरोचा लागतो. कंपनीचा विमा बहुधा कामाच्या शेवटच्या दिवशी संपतो, तेव्हा पुढच्या दिवसांचा वेगळा काढा आणि त्यात खेळातली दुखापत धरली आहे का, ते वाचा. परतीचं तिकीट पुढे ढकलणार असाल तर कामाच्या तारखेचं भाडं आणि तुमच्या तारखेचं भाडं यांचे स्क्रीनशॉट एकाच दिवशी काढून ठेवा. फरक स्वतः भरलात की हिशेबात कोणी बोट ठेवत नाही.

आता नकाशा. सह्याद्रीत फिरणाऱ्या नाशिककराला इथेच सगळ्यात जास्त शिकावं लागतं. आपण डोंगर बघून चालतो. अंजनेरी डावीकडे, ब्रह्मगिरी समोर, म्हणजे वाट बरोबर. स्वीडनच्या जंगलात पन्नास मीटरपलीकडे काही दिसत नाही आणि शिखर नावाची गोष्टच नसते. आपल्या 1:50,000 टोपोशीटवर एक सेंटिमीटर म्हणजे 500 मीटर आणि समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, 20 मीटरच्या अंतराने. अख्खा पांडवलेणीचा डोंगर अंगठ्याखाली झाकला जातो. ओरिएंटिअरिंगचा नकाशा बहुधा 1:10,000 चा. एक सेंटिमीटर म्हणजे 100 मीटर, समोच्च रेषा 5 मीटरने, आणि मीटरभर उंचीचा सुटा दगडसुद्धा काळ्या ठिपक्याने दाखवलेला. डोंगर शोधायची सवय सोडून घळ, उंचवटा, दगड अशा बारीक खुणा वाचायला शिकावं लागतं.

रंगांतही पहिल्यांदा फसगत होते. या नकाशावर पांढरा रंग म्हणजे मोकळं माळरान असं वाटतं, पण पांढरं म्हणजे आरामात धावता येईल असं जंगल. मोकळी जागा पिवळी, दाट झाडी हिरवी, आणि हिरवं जितकं गडद तितकं आत शिरणं कठीण. गडद हिरव्यातून सरळ जाण्यापेक्षा वाटेने दुप्पट अंतर धावणं बहुतेक वेळा लवकरचं ठरतं. उत्तर-दक्षिण रेषा चुंबकीय उत्तरेच्याच असतात, त्यामुळे कंपासमध्ये कसलीही दुरुस्ती करायची नाही.

नाशिकमध्ये सराव करायला सहा आठवडे द्या. आधी पावलं मोजा. गोल्फ क्लब मैदानावर टेपने 100 मीटर आखा, धावत जा आणि फक्त डावा पाय किती वेळा पडतो ते मोजा. सपाटीवर आकडा साधारण चाळीसच्या आसपास येतो. मग नेहरू वनोद्यानाच्या बाजूला झाडीत, चढावर मोजा. आकडा वाढलेला दिसेल. हे दोन्ही आकडे पाठ हवेत. शहरातल्या स्पर्धेसाठी ओपनओरिएंटिअरिंगमॅप या संकेतस्थळावरून पंचवटीचा किंवा सराफ बाजाराचा नकाशा छापून घ्या, पंधरा चौक निवडा आणि रविवारी पहाटे साडेपाचला, गर्दी व्हायच्या आत, धावा. मॅपरन ॲपवर कंट्रोल ठेवता येतात आणि तिथे पोचलात की फोन वाजतो, पण अरुंद गल्ल्यांत जीपीएस दहा-वीस मीटर भरकटतं, तेव्हा ‘बीप’ वाजला नाही म्हणून थांबू नका. 2027 च्या सिंहस्थाच्या पर्वकाळात मात्र पंचवटी सरावाला नको.

सरावात अंगठा नकाशावर तुम्ही आहात त्या जागी ठेवा, वळलात की नकाशाही वळवा. सरळ झेंड्यावर धावू नका. झेंड्याच्या जवळची ठळक खूण आधी गाठा, म्हणजे वाटांचा फाटा, कुंपणाचा कोपरा असं काहीतरी. तिथून शेवटचे शंभर मीटर कंपासवर आणि पावलं मोजत, हळू. वेळ वाया जातो तो याच शंभर मीटरांत, घाईमुळे.

सामानात दोन गोष्टींची काळजी घ्या. कंपासची सुई त्या-त्या भूभागासाठी तोललेली असते. आपल्याकडच्या भागासाठीची सुई उत्तर युरोपात उत्तर टोकाने खाली झुकते, तळाला घासते आणि अडकते. जगभर चालणाऱ्या सुईचा कंपास घ्या, नाहीतर तिथेच विकत घ्या. चुंबकाच्या कव्हरच्या मोबाइलजवळ कंपास ठेवलात तर सुई उलटी दाखवू लागू शकते. निघायच्या आदल्या दिवशी घरी तपासा. कपडे पायभर झाकणारे हवेत, बऱ्याच ठिकाणी तो नियमच आहे. शिट्टी घ्या. खाऊ म्हणून चिवडा चालेल, पण पेढे आणि तूप नको. युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ न्यायला मनाई आहे.

पावसाळ्यात कसारा घाट आणि भिवंडीपासूनची कोंडी धरून मुंबई विमानतळासाठी, रात्री दोनचं विमान असेल तर, दुपारी चारला नाशिक सोडा.

कोर्स किती अवघड ते त्याच्या रंगावरून कळतं. पहिली स्पर्धा ब्रिटनमध्ये असेल तर नारिंगी दर्जाचा कोर्स निवडा. तिथे तो नवख्या प्रौढाला झेपतो. स्वीडनमध्ये रंगांची उतरंड वेगळी आहे, तिथे नवख्यासाठी कोणता रंग ते विचारून घ्या. कोर्सचं अंतर सरळ रेषेत मोजलेलं असतं, म्हणून 4 किलोमीटरला दीड तास धरा. पंच करायचं, म्हणजे प्रत्येक कंट्रोलवर पोचल्याची नोंद करायचं, कार्ड भाड्याने मिळतं. नोंदणी करतानाच ते मागा आणि नाव-क्रमांक तपासा. प्रत्येक कंट्रोलवर क्रमांक असतो, 31 पासून पुढचा. तो नकाशाबरोबर मिळालेल्या तुमच्या यादीशी जुळला तरच पंच करा; एक कंट्रोल चुकला तरी निकाल बाद. आणि काहीही झालं, दमलात, हरवलात, मधेच सोडलंत, तरी फिनिशला जाऊन कार्ड वाचून घ्याच. तुमचं कार्ड आलं नाही की ती माणसं अंधार पडेपर्यंत तुम्हाला जंगलात शोधत फिरतात.

संध्याकाळी अंघोळीच्या वेळी गुडघ्यांमागे, कमरेला, काखेत गोचीड आहे का पाहा. असलीच तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. पिळू नका, तेल लावू नका. परत आल्यावर महिनाभरात चावल्या जागी लाल चट्टा पसरत गेला किंवा ताप आला, तर इथल्या डॉक्टरांना युरोपातल्या जंगलात गोचीड चावली होती हे आपणहून सांगा. गोचीड चावल्याने होणारा लाइम आजार आपल्याकडे क्वचितच दिसतो, त्यामुळे सांगितल्याशिवाय तो कोणाच्या मनात येईलच असं नाही.