आधी मुकादम, मग राजा

माझे वडील सोलापूरच्या गिरणीत मागावर होते. गिरणी कुणाची असं कुणी विचारलं की लोक मालकाचं नाव सांगायचे. मला ते लहानपणीही खटकायचं, कारण कापड कुणाच्या हातून निघतं ते मी रोज बघत होते. पुढे एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. आता दर रविवारी माझी नात आणि गल्लीतली सहा-सात मुलं आमच्या गच्चीवर जमतात. मुलांना प्राचीन संस्कृती दाखवायच्या तर सुरुवात राजापासून करायची नाही, काम करणाऱ्या माणसापासून करायची, हे माझ्या मनाशी पक्कं आहे. ‘हे कुणी बांधलं?’ याचं उत्तर राजाच्या नावाने दिलं की मूल ‘हं’ म्हणतं आणि विसरतं. ‘कसं बांधलं असेल, तू करून बघ’ म्हटलं की तेच मूल दोन तास जागचं हलत नाही.

पहिल्या रविवारी फक्त सुताची गुंडी घ्या. आमच्याकडे कुठल्याही मागवाल्याकडे मिळेल, नाहीतर लोकरीचा दोरा चालेल. एक सेंटीमीटर म्हणजे दहा वर्षं. मुलाचं स्वतःचं वय नखाएवढं होतं. आजीचं साडेसहा सेंटीमीटर. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक, १६७४, पस्तीस सेंटीमीटरवर. आपले सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, म्हणजे मीटरभर दोऱ्याच्या थोडेसे अलीकडेच. प्रत्येक ठिकाणी रंगीत चिंधीची गाठ मारा. मग म्हणा, आता मोहेंजोदडोपर्यंत जाऊ. दोरा सुटत राहतो आणि साडेचार मीटरवर थांबतो. हजार वर्षं म्हणजे किती हे मुलाला आकड्यातून कळत नाही, ते गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्यावर कळतं. हा दोरा जपून ठेवा, पुढे दर वेळी लागणार आहे.

मग विटा. कणीक घट्ट मळायची, मीठ सढळ हाताने घालायचं. अर्ध्या मुलांनी मनाला येतील तशा विटा करायच्या. उरलेल्यांनी पट्टी घेऊन दोन सेंटीमीटर उंच, चार रुंद, आठ लांब अशा करायच्या. उन्हात दोन दिवस वाळवल्या की प्रत्येक गटाने भिंत रचायची. काहीही सांगू नका, नुसतं बघत बसा. पहिल्या गटाची भिंत चौथ्या थरालाच कलते. दुसऱ्या गटातल्या कुणाच्या तरी लक्षात येतं की दोन विटा शेजारी-शेजारी ठेवल्या की त्यांची रुंदी एका विटेच्या लांबीएवढी भरते, मग एक थर उभा, एक आडवा लावता येतो आणि सांधा सांध्यावर येत नाही. माझ्या नातीला हे सापडलं तेव्हा ती ओरडलीच. आणि सांगण्याची वेळ तीच: एकास दोनास चार हे माप सिंधू संस्कृतीचं. हडप्पा आणि मोहेंजोदडो यांच्यात सहाशे किलोमीटरहून जास्त अंतर, तरी विटेचं प्रमाण तेच. म्हणजे कुणीतरी माप ठरवलं होतं, आणि दुसऱ्या कुणीतरी ते पिढ्यानपिढ्या पाळलं होतं.

याच विटांचं पुढे काय झालं तेही मुलांपासून लपवू नका. एकोणिसाव्या शतकात लाहोर-मुलतान रेल्वेच्या रुळांखाली भर घालायला हडप्पाच्या विटा गाड्या भरभरून नेल्या. शहर ओळखू आलं ते १९२१ नंतरच्या उत्खननात. हे ऐकून मुलं चिडतात. चिडू द्या. जुनी भिंत खरवडायची नसते, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

मोहेंजोदडोचं महास्नानगृह दाखवायला चित्रापेक्षा साड्या बऱ्या. ते साधारण बारा मीटर लांब, सात मीटर रुंद. दोन पाचवारी साड्या टोकाला टोक लावून पसरा आणि वर मीटरभर अंतर धरा, झाली लांबी. गच्ची पुरत नसेल तर रस्त्यावर, सकाळी लवकर, खडूने आखा. खोली जवळजवळ अडीच मीटर, म्हणजे वडील आत उभे राहिले तर डोकंही दिसणार नाही. पाणी झिरपू नये म्हणून विटांच्या मागे डांबराचा थर दिलेला होता. इथे एका मुलाने विचारलं, ‘आजी, गटारं कोण साफ करायचं?’ मला हा प्रश्न फार मोलाचा वाटला. मोहेंजोदडोच्या गटारांवर काढता येतील अशी झाकणं होती, म्हणजे साफ करणारी माणसं होतीच. त्यांची नावं आपल्याला सापडलेली नाहीत, हेच उत्तर मी त्याला दिलं.

कापडाचं मात्र सावकाश करा, आपण सोलापूरची माणसं. घरातली जुनी चादर घ्या, विरलेला कोपरा शोधा आणि मुलाच्या हातात भिंग द्या. एक धागा वरून, एक खालून. सुईने एक आडवा धागा अलगद ओढून काढायला सांगा. तो निघतो तेव्हा उभे धागे कसे मोकळे होतात ते बघताना मूल श्वास रोखून धरतं. मग सांगा, मोहेंजोदडोत एका चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा तुकडा सापडला. धातूच्या क्षारांमुळे तो कुजला नाही. मंजिष्ठाच्या मुळीने लाल रंगवलेला होता. विणणारा गेला, भांड्याचा मालक गेला, पण वरून-खालून जाणारा धागा अजून दिसतो. माझे वडील हयात असताना मला हे माहीत नव्हतं. त्यांना सांगायला मिळालं असतं तर किती बरं झालं असतं.

पिरॅमिडकडे मुलं आधीच ओढ घेऊन येतात, आणि हल्ली मोबाइलवर बघून ‘ते एलियननी बांधलं’ असंही म्हणत येतात. तिथे रागवू नका, हिशेब मांडा. इजिप्तच्या खुफू राजाच्या पिरॅमिडमध्ये सुमारे तेवीस लाख दगड आहेत. वीस वर्षं, रोज दहा तास काम धरलं तर दर दोन मिनिटांना एक दगड बसतो. भागाकार मुलांनाच करू द्या. पायाची एक बाजू २३० मीटर, मुलांच्या पावलांनी साधारण साडेचारशे पावलं. सिद्धेश्वर तलावाच्या काठाने चालत मोजा. उंची मुळात १४६ मीटर. आमच्याकडची मुलं विजापूरला गोलघुमट बघून आलेली असतात, म्हणून मी म्हणते, असे जवळजवळ तीन एकावर एक.

मग मेरेरची गोष्ट. तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे २०१३ साली पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाचे, तुकडे सापडले. लिहिलेले पपायरस यापेक्षा जुने आजवर मिळालेले नाहीत. त्यात मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. सुमारे चाळीस माणसांची टोळी, तुरा इथल्या खाणीतला चुनखडीचा दगड नावेत भरायचा, नाईलमधून आणि कालव्यांतून गिझाला, म्हणजे याच पिरॅमिडच्या जागी, आणायचा, उतरवून परत जायचं. आज कुठे मुक्काम, उद्या कुठे, सगळी नोंद. ‘मुकादम’ म्हटल्याबरोबर आमच्या मुलांचे चेहरे उजळतात, कारण ऊसतोडीचा मुकादम त्यांनी पाहिलेला असतो. १९९० साली पिरॅमिडजवळच कामगारांच्या कबरीही सापडल्या. हाडं मोडून पुन्हा नीट जुळलेली, म्हणजे कुणीतरी बांधली होती, काळजी घेतली होती. पाव भाजायच्या भट्ट्या सापडल्या. एवढं सांगितलं की एलियनचं नाव पुन्हा निघत नाही. या माणसांच्या घामाचं श्रेय आकाशातल्या कुणाला देणं मला सहन होत नाही, आणि मुलांना हे उघडपणे सांगायला मी कचरत नाही.

मेसोपोटेमियासाठी, म्हणजे आजच्या इराकातल्या जुन्या संस्कृतीसाठी, एक दुपार पुरते. मातीची ओली पाटी, आइस्क्रीमची काडी, तिच्या कोपऱ्याने दाबून खुणा. आधी मेंढ्या आणि धान्याचा हिशेब लिहायला लावा, लिपीचा उगम तिथे हिशेबातूनच झाला. मग घड्याळ दाखवून साठाचं गणित त्यांच्याकडून आलं ते सांगा. आणि उर शहरातल्या एया-नासिर या व्यापाऱ्याला नान्नी नावाच्या गिऱ्हाइकाने ‘वाईट तांबं दिलंस’ म्हणून पाठवलेली जवळपास पावणेचार हजार वर्षांपूर्वीची तक्रार सांगा. मुलं लगेच स्वतःच्या तक्रारी मातीत लिहायला बसतात.

एवढं झाल्यावरच सहल काढा. पूर्वी एका सहलीत मी मुलांना एका दिवसात चार ठिकाणी पळवलेलं पाहिलंय. फलक वहीत उतरवून घेतले आणि गाडीत बसवलं. कुणीही वर मान करून कळस बघितला नाही. एका दिवसाला एकच जागा. आम्ही तेरला जातो, सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. मुलांना ते गोरोबाकाकांचं गाव म्हणून ठाऊक असतं. पण दोन हजार वर्षांपूर्वी हेच तगर. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात लिहिलंय की तगरहून पुष्कळ सुती कापड गाड्यांतून भडोचला जायचं, आणि तिथून जहाजाने पुढे. तेरला सापडलेल्या हस्तिदंती बाहुलीसारखीच एक मूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेखाली मिळाली. त्रिविक्रमाचं देऊळ विटांचं आहे, मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल. तिथे मुलांना अर्धा तास नुसतं फिरू द्या. वस्तुसंग्रहालयात प्रत्येकाने एकच वस्तू निवडायची, तिच्यासमोर बसून चित्र काढायचं आणि खाली लिहायचं: ही करायला किती दिवस लागले असतील, आणि करणाऱ्याच्या हाताला कुठे घट्टे पडले असतील?

गेल्या वेळी नातीने मण्यांची माळ निवडली. परत येताना गाडीत ती सुताची गुंडी काढून दोन मीटरवर गाठ मारत होती. गाठीला चिंधी कुठल्या रंगाची लावू असं मला विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाली, ‘लालच लावते, त्या भांड्यावरच्या कापडासारखी.’