व्हेरिकोसीलच्या शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतताना

व्हेरिकोसीलच्या (वृषणाच्या पिशवीतील शिरा फुगण्याच्या विकाराच्या) शस्त्रक्रियेनंतर टाका वरून सुकलेला दिसला, तरी आतील ऊती भरून यायला वेळ लागतो, म्हणून खेळाकडे परतण्याचा निर्णय केवळ जखम पाहून घेऊ नये. सपाट जागी चालणे बहुधा दुसऱ्या दिवसापासूनच चालते आणि ते हिताचेही असते. खरी अडचण वजन उचलण्याची आहे, कारण श्वास रोखून जोर लावला की पोटातील दाब वाढतो आणि तो जांघेतील टाक्यांवर व वृषणाकडील शिरांवर येतो. त्यामुळे स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि पोटाचे व्यायाम साधारणपणे 3 ते 4 आठवडे टाळावेत आणि पुढेही निम्म्या वजनापासून, श्वास सोडत सुरुवात करावी. (बद्धकोष्ठतेत कुंथण्यानेही हाच ताण पडतो.) सायकलची बैठक थेट त्याच भागावर दाब देत असल्याने सायकल धावण्याच्याही नंतर ठेवावी, कबड्डी, फुटबॉलसारखे धक्काबुक्कीचे खेळ सर्वांत शेवटी आणि शल्यचिकित्सकाच्या परवानगीनेच खेळावेत. सुरुवातीच्या आठवड्यांत घट्ट आधार देणारी अंतर्वस्त्रे वापरावीत. सरावानंतर सूज वाढत गेली, ताप आला किंवा जखमेतून स्राव येऊ लागला, तर खेळ थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.