खान्देशात उंटीण पाळायची तर आधी पावसाळ्याची तयारी करा

लामा आणि अल्पाका यांचे व्हिडिओ पाहून ‘हे आपल्याकडे जमेल का?’ असं विचारणारे बरेच भेटतात. ही पेरू-बोलिव्हियाकडची, साडेतीन-चार हजार मीटर उंचीवरच्या थंड पठारांवरची लोकरी जनावरं. पाळणारे एक ठोकताळा वापरतात : फॅरनहाइटमधलं तापमान आणि आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज १२० च्या आत असेल तर जनावर निवांत, १८० च्या पुढे गेली तर जिवाला धोका. जळगावात मे महिन्यात ४४ अंश सेल्सिअस, म्हणजे १११ फॅरनहाइट. त्यात २० टक्के आर्द्रता धरली की १३१. ऑगस्टमध्ये ३१ अंश म्हणजे ८८, आणि आर्द्रता ८०. बेरीज १६८. उन्हाळा तर कडक आहेच, पण त्याहून पावसाळा वाईट.

म्हणून माझं स्पष्ट मत : याच कुळातला उंट पाळा. मे महिन्याचं ऊन तो सहज काढतो. तापमान चढेल तसं स्वतःच्या अंगाचं तापमान ३४ पासून ४०-४१ अंशांपर्यंत जाऊ देतो आणि तोवर घामात पाणी फारसं घालवत नाही. मात्र आपला पावसाळा त्यालाही जड जातो, आणि सगळी आखणी तिथूनच सुरू करायची.

जागा

काळ्या जमिनीत उंट ठेवू नका. त्याच्या पायाला खूर नसतो, रुंद मऊ तळवा असतो. ओल्या चिकणमातीवर तो घसरतो, मागचे पाय फाकतात आणि जनावर कायमचं जायबंदी होतं. साक्रीकडची किंवा सातपुड्याच्या पायथ्याची मुरमाड, उताराची जागा उत्तम. तशी नसेल तर मुरूम टाकून ओटा उंच करून घ्या, वर छप्पर घाला. हा खर्च उंटीण आणण्याआधीच करायचा.

खरेदी

राजस्थानच्या २०१५ च्या कायद्यामुळे तिथून उंट राज्याबाहेर न्यायला परवानगी लागते. कागद नसलेलं जनावर स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. कच्छी किंवा माळव्यातली माळवी जात आपल्याला जवळची. दात जरूर पाहा, पण गाय-बैलाचा हिशेब इथे लावू नका : दोन दाती उंटीण साधारण साडेचार-पाच वर्षांची असते, म्हणजे लावायला (नर दाखवायला) योग्य. आणल्यावर आधी रक्त तपासून घ्या, मगच कळपात सोडा.

चारा

बाभूळ, बोर, निंब, हिवर, शमी हे तिचं खरं खाणं. सोबत हरभऱ्याचं किंवा तुरीचं कुटार द्या. मिठाची गरज गायी-म्हशींपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून खडेमीठ कायम समोर असावं. फवारणी झालेल्या कपाशीत चारू नका, आणि कुंपणाला कण्हेर असेल तर काढून टाका. तिची थोडी पानंही जीव घेतात.

लावणं

हंगाम हिवाळ्याचा, साधारण नोव्हेंबर ते मार्च. दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, त्या सुमारास नर ऐन मस्तीत असतो. तोंडाच्या कडेने फुग्यासारखा लाल पडदा बाहेर येतो, घुरघुर आवाज येतो, तोंडाला फेस असतो आणि डोक्यामागच्या ग्रंथींतून काळपट, उग्र वासाचा स्राव वाहतो. त्याला मुसकं बांधल्याशिवाय जवळ जाऊ नका. त्याचा चावा हाड मोडतो. उंटिणीत बीज समागमानंतरच सुटतं, त्यामुळे गायीसारखा माजाचा दिवस मोजायची गरज नाही. पंधरा दिवसांनी नर पुन्हा दाखवा. तिने शेपटी वर ताठ उचलली तर बहुधा गाभण आहे. खात्री मात्र पशुवैद्यकाकडूनच करून घ्या.

गाभणकाळ साधारण ३९० दिवसांचा. मार्गशीर्षात लावलेली उंटीण पुढच्या वर्षी पौषात विते. पिल्लू कोरड्या थंडीत जन्मतं आणि पावसाळा येईपर्यंत पायावर घट्ट होतं. म्हणूनच मार्चअखेरीपर्यंत लांबवू नका.

व्यायल्यानंतरचा पहिला तास

इथे नवखा माणूस फसतो. गाय वासराला चाटून कोरडं करते, उंटीण चाटत नाही. तिची जीभ तेवढी बाहेरच येत नाही. पिल्लाच्या अंगावर एक पातळ, पारदर्शक पापुद्रा असतो. तो नाका-तोंडावरून बोटांनी काढा, नाकातला चिकट द्रव पुसा, मग गोणपाटाने अंग चोळून कोरडं करा. नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. तीस-चाळीस किलोचं हे पिल्लू तास-दीड तासात उभं राहतं. आधार द्या, पण ओढू नका. पहिल्या सहा तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे, कारण रोगप्रतिकारशक्ती त्याला गर्भात मिळालेली नसते. वार (नाळेसोबतचं आवरण) त्याच दिवशी पडली नाही तर डॉक्टरांना बोलवा. हाताने ओढू नका.

पावसाळा

घोडमाश्या चावून सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग पसरवतात. ताप येतो-जातो, उंटीण खात असूनही खंगते, डोळे फिके पडतात, पोटाखाली सूज येते, गाभडते. शंका आली की लगेच रक्ताची तपासणी. औषध वजनावर ठरतं, ते पशुवैद्यकच देणार. संध्याकाळी निंबाच्या पाल्याचा धूर करा, आसपास डबकी राहू देऊ नका. पाऊस सुरू असताना चरायला न सोडता ओट्यावरच पाला टाका. हिवाळ्यात खरजेवर लक्ष ठेवा, ती माणसालाही लागते.

दूध

पिल्लू लावल्याशिवाय पान्हा सुटत नाही आणि तो दीड-दोन मिनिटंच टिकतो. चारपैकी दोन सड पिल्लासाठी सोडा. पिल्लू वर्षभर पितं, त्यामुळे दोन वर्षांत एकच वेत धरा. उंटिणीच्या दुधाचे मानक देशात २०१६ पासून आहेत, तेव्हा विक्रीआधी अन्न परवाना काढा. या दुधाला विरजण नीट लागत नाही. दह्या-तुपाचा हिशेब न धरता गिऱ्हाईक दुधासाठीच शोधा.