हँडल थरथरायचं, ते असं थांबलं

इंदूर-उज्जैन रस्त्यावर बाईक साठवरून पन्नासवर येताना हँडल थरथरायचं. मागे आई बसली की जास्तच. सांवेरच्या अलीकडे एकदा तर जीव मुठीत धरून गाडी कडेला घेतली. दोघांनी टायर बदलायला सांगितलं, पण टायर चांगले होते, हवाही बरोबर.

शेवटी घरीच डबल स्टँडवर लावली, पुढचं चाक अधांतरी केलं आणि फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या, खालून धरून पुढे-मागे हलवला. टक्! कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते गोळ्यांचं बेअरिंग, सैल होता. छावणीतल्या मिस्त्रीकाकांनी तो उघडला, तर वाटीत गोळ्यांच्या जागी नखाला लागतील असे खड्डे. असा कोनसेट नुसता आवळू नका, हँडल मधोमध अडकतं. नवाच बसवला. आवळताना काका पुन्हापुन्हा हँडल बोटाने ढकलून बघत होते: दोन्हीकडे आपल्या वजनाने पडलं पाहिजे, पण ढिलेपणा अजिबात नको.

फोर्कचं तेल काळं निघालं. नवं दोन्ही नळ्यांत मोजून सारखं भरलं.

मागचे शॉकअप सगळ्यात मऊ खाचेवर होते. आई बसली की मागची बाजू दबून पुढचं चाक हलकं पडायचं. आता ती असली की तिसरी खाच. परवा महाकालला जाऊन आलो, आईने माझा खांदा एकदाही घट्ट धरला नाही.